उंबऱ्याच्या आत आलेली कामाची पाळी

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशभरातील टाळेबंदीचा तो पहिला दिवस ठरला. आठवडाभर आधीच पुण्याहून लॅपटॉपची बॅग घेऊन सांगलीला परतलेली माझी धाकटी बहीण त्या सकाळी गुढीची पूजा होताच आईच्या शिलाई मशीनपाशी कामाला बसली, कारण विश्रामबागेतल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात टेबल म्हणावे असे तेवढेच होते. मशीनवर जाड पुठ्ठा टाकून तिने लॅपटॉप ठेवला. पण मीटिंगमध्ये बोलताना पाय नकळत खालच्या पायट्यावर पडे, चाक फिरे आणि त्याचा खडखडाट माइकमधून पलीकडे ऐकू जाई, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने मशीनची वादी काढून खिळ्याला अडकवली. त्याच मशीनवर आईने वीस-एक वर्षे बाहेरच्या ब्लाउज-परकरांची शिलाई केली होती. ते कामही घरात बसूनच, नगावर चाले आणि ती दिवसाला किती तास बसते हे कुणी कधी विचारले नाही. घरून काम करताना कामाची वेळ आणि घरची वेळ वेगळी कशी ठेवावी हा प्रश्न २०२० नंतर नव्याने विचारला गेला खरा, पण त्याचे मूळ आईच्या त्या न मोजलेल्या तासांपर्यंत आणि त्याहूनही मागे जाते, असे मला वाटते.

काम एका जागी आणि घर दुसऱ्या जागी ही मांडणी आपल्या भागात फार जुनी नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या सगळ्या टापूत शेतकऱ्याचा सोपा हीच बियाण्याची कोठी आणि औजारांची खोली असे. मिरजेच्या सतारमेकर मंडळींच्या घरांत दर्शनी भागात भोपळे वाळत, आतल्या बाजूला तारांखालची घोडी घासून नाद जुळवण्याचे, म्हणजे जवारीचे, काम चाले आणि मुले त्याच्याच शेजारी अभ्यासाला बसत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यामागची घरगुती कारागिरी कित्येक पिढ्यांची आहे. विट्यात राहत्या घराला लागूनच मागांची शेड आजही पाहायला मिळते. अशा घरांत काम थांबवायचे कधी, हे घड्याळापेक्षा उजेडावर आणि पंचांगावर ठरे. अमावस्येला औत धरायचे नाही, बाजाराच्या दिवशी काम लवकर आवरायचे, बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करायची आणि बेंदराला त्यांच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हे नियम सर्वांना पाठ होते. बैलांना मिळणारी ही सुट्टी स्वयंपाकघराला मात्र नव्हती. उलट बेंदराला पुरणपोळीचा घाट असल्याने त्या दिवशी घरातल्या बाईचे काम वाढतच असे.

ही घडी मोडली ती गिरण्यांमुळे. मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहू लागल्या तशी सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून माणसे मोठ्या संख्येने तिकडे गेली. माणूस परळ-लालबागला आणि घर खटाव-माणला, असा संसार सुरू झाला आणि काम व कुटुंब यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर पडले. गिरणीतले काम दिवस उजाडण्यापासून मावळेपर्यंत चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे आणि पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती यावा, अशा त्या मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषण केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक समाजातले, जोतीराव फुले यांचे सहकारी. आणि जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. आपण ज्याला सहज 'रविवार' म्हणतो त्याची एक मुळी अशी आपल्याच मातीत आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पुढचा इतिहास कायद्याचा आहे आणि त्यातली एक बारीकशी गोष्ट आजच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त मुलांचे तास मर्यादित केले. १८९१ मध्ये स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा आली, १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची. आठवड्याचे तास १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले. ही शेवटची दुरुस्ती झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते, ज्यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर चढले होते. १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तास ही चौकट पक्की केली. तास असे कमी होत असताना 'कारखाना' म्हणजे काय याची व्याख्याही रुंदावत गेली. १८८१ मध्ये शंभर माणसे एका छपराखाली असली तरच तो कारखाना ठरे, १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस आणि १९४८ मध्ये विजेवर चालणारे काम असेल तर दहा. म्हणजे कायदा प्रत्येक वेळी आधी जागा पाहत होता आणि मग माणूस. एकटी बाई आपल्या घरात मशीनवर बसलेली असेल, तर ती या मोजणीत कधीच येणार नव्हती.

जिथे कायदा पोहोचला तिथे त्याची रेघ स्पष्ट दिसली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कामगारांची घरे कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर होती, तरीही घर आणि काम यांच्यामध्ये एक फाटक होते. पुढे सहकारी साखर कारखाने आले आणि भोंगा साऱ्या पंचक्रोशीचे घड्याळ झाला. पाळी सुटली की माणूस फाटकाबाहेर येई आणि फाटकाबाहेर आलेल्या माणसाला साहेब परत बोलावत नसे. बोलावलेच तर त्याचा ओव्हरटाइम मागता येई.

घरात बसून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यांचा विचार कायद्याने अगदीच केला नाही असे नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कंत्राटदाराकडून पाने-तंबाखू घेऊन घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले, आणि ही मोठीच गोष्ट होती. मात्र त्याच कायद्यातले दिवसाला ९ तासांचे बंधन औद्योगिक जागेत चालणाऱ्या कामापुरतेच राहिले. घरातले तास पुन्हा वाऱ्यावर. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अशा घरात बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी स्वतंत्र करार, क्रमांक १७७, संमत केला आणि इतर पगारी कामगारांना मिळणारी वागणूक त्यांनाही मिळावी असे त्यात म्हटले. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. त्या वर्षी हा विषय शिवणकाम, विडी आणि पापड करणाऱ्या बायकांचा समजला जात होता. पंचवीस वर्षांच्या आत इंजिनिअर झालेल्या त्यांच्या मुली त्याच जागी येऊन बसतील, हे फारसे कुणाच्या डोक्यात आले नसावे.

संगणकावरचे काम घरी नेण्याची कल्पना मात्र वेगळ्याच गरजेतून निघाली. १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास अमेरिकेत जॅक नाइल्स या अभियंत्याने दूरस्थ कामासाठी 'टेलिकम्युटिंग' हा शब्द रूढ केला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरची गर्दी आणि पेट्रोलचा खर्च कमी करायचा असेल तर माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे न्यावे, असा त्याचा विचार होता. त्याची सुरुवातीची योजना थेट घरातून काम करण्याची नव्हती, हे मला विशेष वाटते. कर्मचाऱ्यांच्या वस्तीजवळ छोटी उपकेंद्रे काढावीत, म्हणजे प्रवास वाचेल आणि घर घरच राहील, असे त्याने मांडले होते. आपल्याकडे तंत्र पोहोचले तेव्हा हा मधला टप्पा गळून पडला.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले हिंजवडीला जाऊ लागली. आजोबा गिरणीसाठी मुंबईला गेले होते, नातू सॉफ्टवेअरसाठी पुण्याला गेला. कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना घरून काम देण्याची मुभा दूरसंचार खात्याच्या नियमांत होती, पण मोठी बँक हमी आणि खास जोडणीच्या अटींमुळे ती जवळजवळ कागदावरच राहिली. कामगार कायद्यात हा विषय आला तो बाळंतपणाच्या वाटेने. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि त्यानंतर कामाचे स्वरूप पाहून, मालक आणि कर्मचारी स्त्री या दोघांच्या संमतीने, घरून काम करता येईल असे म्हटले. किती तास आणि कुठल्या वेळेत, याबद्दल त्या कलमात शब्द नाही. घरून काम ही बाईची सोय आहे, या समजाला त्यामुळे नकळत बळ मिळाले असावे.

१३ मार्च २०२० रोजी दूरसंचार खात्याने त्या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नियमच सैल केले. दहा दिवसांत लाखो माणसांचे ऑफिस घरात आले, पण ऑफिसची वेळ सांभाळणारे फाटक आले नाही. त्यात घड्याळाची एक अडचण होती, जिचा विचार फारसा झाला नाही. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. ऑफिसात असताना ही 'ओव्हरलॅप'ची, म्हणजे अमेरिकेतल्या लोकांबरोबर एकाच वेळी काम करण्याची, वेळ कंपनीच्या इमारतीत जाई आणि घरी फक्त उशिरा पोहोचल्याची तक्रार होई. घरी मात्र ती नेमकी दिवेलागणीवर आली. आई देवापाशी दिवा लावते आहे, कुकरच्या शिट्ट्या होत आहेत, वडिलांना बातम्या लावायच्या आहेत आणि बहीण हातानेच 'थांबा, थांबा' अशी खूण करते आहे, हे आम्ही दोन वर्षे रोज पाहिले. "घरीच तर आहेस, जरा दळण टाकून ये," असे आई म्हणे तेव्हा तिचे चुकत नव्हते. तिने स्वतः मशीनवरून उठून दळण टाकले होते, भाजी फोडणीला टाकून परत काज-बटणाला बसली होती. तिच्या दृष्टीने घरात बसून केलेले काम हे मधून उठता येण्यासारखेच असते. दुसऱ्या बाजूने बहिणीचे मॅनेजर रात्री दहाला मेसेज टाकत, कारण त्यांच्याही दृष्टीने ती घरीच होती.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात हे आकड्यांत दिसते. २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. मधल्या काळात कोट्यवधी पुरुष कित्येक महिने घरात होते, तरी त्यांचा वाटा वाढला नाही. हे सर्वेक्षण घरून काम करणाऱ्यांपुरते नाही, हे खरे. पण घरून काम करणाऱ्या बाईचा दिवस कुठल्या घरात उगवतो, ते त्यावरून कळते.

कामाची वेळ संपल्यावर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला. पोर्तुगालने २०२१ मध्ये वेळेनंतर कर्मचाऱ्याला संपर्क करण्यापासून मालकालाच रोखले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, म्हणजे टाळेबंदीच्या सव्वा वर्ष आधी. खासगी विधेयक संसदेत मंजूर झाल्याचे उदाहरण १९७० नंतर नाही, त्यामुळे त्याचे पुढे काय झाले ते सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत घरून कामाची तरतूद झाली, ती निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना आणि एका वर्षापर्यंत. त्यातही मोजली गेली ती माणसांची संख्या, तास नाहीत.

आता बहुतेक कंपन्यांनी आठवड्यातले काही दिवस ऑफिसात बोलावण्याची पद्धत धरली आहे. सांगलीच्या बसस्थानकावर रविवारी रात्री पुण्याच्या गाड्यांना लॅपटॉपवाल्यांची रांग असते. बहीण मंगळवार ते गुरुवार हिंजवडीला असते आणि उरलेले दोन दिवस विश्रामबागेत, म्हणून ती सोमवारी रात्री निघते. मशीनची वादी तिने मागच्या वर्षी पुन्हा चढवून दिली आणि स्वतःसाठी माळ्यावर दार लावता येईल अशी खोली करून घेतली. त्या दाराला आतून कडी आहे. संध्याकाळी साडेसहाला ती कडी लावते आणि साडेआठला काढते, आणि त्यानंतरचे मेसेज सकाळी पाहीन असे तिने टीमला लेखी कळवले आहे. मॅनेजरने ते मान्य केले आहे, पण तोंडी.