चावी निघत नाहीये? थेट केबलला हात नका लावू

ऑटोमॅटिक गाडी P (पार्क) मध्ये आहे तरी चावी निघत नाही, किंवा उलट, चावी खिशात आणि गिअर लिव्हर तरी P मधून आरामात बाहेर येतोय, हे दुसरं जास्त डेंजर, कारण घरातल्या एखाद्या पोराने लिव्हर ओढला तर उतारावर गाडी चालू लागणार. दोन्हीत संशयित एकच, इंटरलॉक केबल.

ही केबल सायकलच्या ब्रेकसारखीच, कव्हरच्या आत सरकणारी तार. एक टोक चावीच्या लॉकला, दुसरं लिव्हरखाली. चावी फिरवली की तार सरकते आणि लिव्हरचा खटका अडकतो किंवा सुटतो. तार थोडी ढिली किंवा जास्त ताणलेली असली तरी खटका नीट बसत नाही, म्हणून अॅडजस्टमेंट.

पण लिव्हर P मधून हलतच नसेल तर आधी ब्रेक दाबून कुणाला तरी मागे ब्रेक लाइट बघायला सांगा. ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय लिव्हर P मधून सुटत नाही, म्हणून लाइट लागत नसेल तर बहुतेक ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेलाय, केबल बिचारी निर्दोष!

केबलच असेल तर गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे. बऱ्याच गाड्यांत लिव्हर P मध्ये आणि चावी लॉकवर ठेवून कन्सोलखालची अॅडजस्टरची क्लिप सोडतात, स्प्रिंग ढील स्वतःच काढून घेते, मग क्लिप परत दाबायची. काही मॉडेलमध्ये चावी वेगळ्या पोझिशनला लागते, सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय क्लिप उघडू नका. स्टिअरिंगजवळची पिवळी वायर एअरबॅगची असते, तिथे हात घालायची वेळ आली तर गॅरेज गाठा.

केबल कापून जुगाड करणारेही असतात, त्यांना इतिहास माहीत नसतो. ऑडी 5000 अचानक सुसाट सुटते अशा तक्रारी अमेरिकेत आल्या, कंपनीने 1987 मध्ये गाड्या परत बोलावून ब्रेक दाबल्याशिवाय P मधून न निघणारं लॉक बसवलं. 1989 च्या सरकारी अहवालात मुख्य कारण निघालं ड्रायव्हरचा पाय ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडणं. म्हणजे लिव्हर अडवणारी ही लॉक उगाच नसतात.

काम झालं की चेक करा: चावी फक्त P मध्येच निघते का, चावी काढल्यावर लिव्हर हलत नाही ना. आपल्याकडच्या AMT (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या) गाड्यांत सहसा P नसतोच, त्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावायचा.