तुळजापूरला येताना आधी तिथी बघा, मग खोली ठरवा

(आमच्या यात्री निवासात उतरणाऱ्या भाविकांसाठी माहितीपत्रक)

आई राजा उदो उदो!

फोनवर जवळपास रोज तेच बोलणं होतं. "शनिवारी येतोय, दोन खोल्या ठेवा. रविवारी सकाळी अभिषेक करून दुपारी निघू." आम्ही विचारतो, त्या दिवशी तिथी कोणती आहे? समोरचा म्हणतो, "तारीख सांगितली ना, तिथीचं काय घेऊन बसलात?" मग माणसं येतात, देवी निद्रेत असते, अभिषेक होत नाही, आणि सगळा राग आमच्या काउंटरवर निघतो. म्हणून हे पत्रक.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत घोरनिद्रा. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन झालं की कोजागरी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. आणि पौष शुद्ध प्रतिपदेपासून अष्टमीपर्यंत, म्हणजे शाकंभरी नवरात्राच्या तोंडावर, मोहनिद्रा. या दिवसांत दर्शन बंद नसतं, पलंगावर निजलेल्या देवीचं दर्शन होतं. फक्त मूर्तीवर अभिषेक होत नाही. लेकराचं जावळ काढून अभिषेक करायचा, लग्नानंतर जोडीनं सिंहासन पूजा करायची, असं मनात धरून आलेल्याला हे इथे आल्यावर कळलं तर वाईट वाटणारच.

"मागच्या वर्षी याच तारखेला आलो होतो, तेव्हा तर झाला अभिषेक!" हेही नेहमीचंच. घटस्थापना २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये थेट २२ सप्टेंबरला. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, त्यामुळे सगळे सण पुढे गेले होते. इंग्रजी तारखेचा भरवसा धरून चालत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर उलटा, तारखेखालची बारीक अक्षरं वाचा आणि मग आम्हाला फोन करा. कॅलेंडर हाताशी नसेल तरी फोन करा, आम्ही बघून सांगतो. त्याचे पैसे नाहीत.

यावरूनच आणखी एक. खोली देताना आम्ही "कशासाठी येताय?" असं विचारतो, ते काही जणांना खटकतं. आम्हाला चौकशा करायची हौस नाही. नुसतं दर्शन, अभिषेक, ओटी, गोंधळ, जावळ यांतल्या प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. अभिषेक सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळातच होतात. सकाळची वेळ धरायची तर आदल्या रात्री मुक्काम हवा, सोलापूरहून सकाळी गाडी काढून भागत नाही. कारण कळलं की एक रात्र पुरेल की दोन लागतील, हे आम्ही सांगू शकतो. एकच रात्र पुरत असेल तर एकच घ्या म्हणतो. आम्ही तिथी सांगूनही कोणी निद्रेच्या दिवसांत अभिषेकासाठी आलं आणि खोली रद्द केली, तर आगाऊ रक्कम परत मिळत नाही. हा नियम आधी नव्हता, करावा लागला.

पूजेचं नक्की कोणाकडे करायचं, असंही विचारतात. अभिषेक आणि सिंहासन पूजेची नोंदणी मंदिर संस्थानाकडेच होते आणि ऑनलाइनही करता येते. संस्थानाचा कारभार धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालतो. पुष्कळ घराण्यांचे पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत आणि त्यांच्या वह्यांत तुमच्या आजा-पणजाची नावं सापडतात. घरच्या मोठ्यांना पुजाऱ्याचं नाव विचारून या. पुजारी स्वतःच्या घरी उतरवणार असतील तर खुशाल तिकडे उतरा, त्यात आम्हाला वाईट वाटत नाही. "रांगेशिवाय आत सोडतो" म्हणणारा रस्त्यात भेटला तर मात्र त्याच्या मागे जाऊ नका. आमच्या पोरांना असं काम सांगू नका. ते करणार नाहीत.

आता तीर्थांविषयी. कल्लोळ आणि गोमुख ही दोन्ही तीर्थं महाद्वारातून पायऱ्या उतरताना लागतात. सगळी तीर्थं कल्लोळात एकत्र आली अशी श्रद्धा आहे. गोमुखातून येणारं पाणी गंगेचं मानतात. जुनी माणसं आधी कल्लोळात, मग गोमुखाखाली अंघोळ करून ओल्यानंच देवीकडे निघायची. आज खोलीत गरम पाण्यानं अंघोळ केली तर चालतं का? चालतं. आमच्याकडे पहाटे ३ पासून गरम पाणी असतं, ते त्यासाठीच. खोलीतून अंघोळ करून निघा, तीर्थावर हात-पाय धुवा, डोक्यावर ओंजळभर पाणी घ्या, पुढे सिद्धिविनायकाला नमस्कार करून निंबाळकर दरवाजातून आत जा. वयस्कर माणसांना तरी आम्ही हेच सांगतो. पायऱ्या दगडी आहेत, ओल्या झाल्या की पाय घसरतो.

तीर्थात अंघोळ करायचीच असेल तर साबण, शाम्पू, तेल वर्ज्य. पिशवीत सुती कपड्यांचा कोरडा जोड घ्या आणि घरातलं एक माणूस कोरडं ठेवा, जे कपडे आणि चपला सांभाळेल. सगळे एकदम पाण्यात उतरले की पिशवी कोणाकडे द्यायची यावरूनच अर्धा तास जातो. ओल्या साड्या पिळून आमच्या गॅलरीच्या कठड्यावर टाकू नयेत, गच्चीवर दोऱ्या बांधलेल्या आहेत.

दुसरी अडचण गर्दीच्या दिवसांची. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला रांग दर्शन मंडपातून जाते. एकदा त्या रांगेत शिरलं की तीर्थ राहून जातं, आणि दर्शनानंतर परत मागे फिरायचं कोणाच्या पायात बळ नसतं. म्हणून आधी तीर्थ, मग रांग. डागडुजीच्या कामांमुळे वाटा बदलत असतात, त्या दिवशी कुठून सोडतायत ते निघताना काउंटरवर विचारा. मंगळवारी रात्री छबिना, म्हणजे देवीची मिरवणूक, निघते. मुक्काम असेल तर चुकवू नका, त्या वेळी लेकरंसुद्धा झोपत नाहीत.

दर्शन झालं की देवळामागचा चिंतामणी पाहतातच सगळे. गोल दगडावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार. नोकरीपासून सोयरिकीपर्यंत सगळं विचारून होतं. मागे रांग उभी असते, तेव्हा एकाने एकच प्रश्न विचारावा.

दुपारी लगेच पंढरपूर किंवा अक्कलकोट गाठायची घाई नसेल तर गावातलं बाकीचं बघा. पापनाश, विष्णुतीर्थ आणि मंकावती ही तीर्थं बहुतेकांची राहून जातात. घाटशीळचं देऊळ टेकडीवर आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीनं इथूनच वाट दाखवली असं सांगतात, आणि म्हणून ती रामवरदायिनी. भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळायला यायची, ही कथा तिथेच जाऊन ऐका. नळदुर्गचा किल्ला आणि त्यातला पाणीमहाल बघायचा तर पावसाळ्यात जा, तेव्हा धबधबा चालू असतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीला जायचं असेल तर गाडी करून देतो. दर काउंटरवर लिहून लावलाय, त्यापेक्षा जास्त देऊ नका.

कोजागरीचं वेगळं सांगायला हवं. सीमोल्लंघनाला देवीला १०८ साड्यांचं दिंड (वेष्टन) बांधून पालखीत बसवतात, ते बघायला दसऱ्याची पहाट गाठावी लागते. कोजागरीला मूर्ती परत सिंहासनावर येते. त्यासाठी सोलापूर आणि कर्नाटकाकडून माणसं चालत येतात, रस्ता माणसांनीच भरलेला असतो. त्या दिवसांत सोलापूर रस्त्यावरची वाहतूक वळवतात. स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांनी धाराशिवकडून यावं. रेल्वेनं येणाऱ्यांना सध्या सोलापूर किंवा धाराशिवला उतरूनच यावं लागतं.

दसरा ते कोजागरीच्या खोल्या आम्ही आगाऊ रकमेशिवाय ठेवत नाही आणि एका खोलीत चारपेक्षा जास्त माणसं घेत नाही. पायी येणाऱ्यांना तळमजल्यावरचा हॉल, सतरंजी आणि पिण्याचं पाणी फुकट. नाव नोंदवा आणि पोत (देवीची पेटती मशाल) विझवूनच आत या.

फोन सकाळी ७ ते रात्री १०. फोन लावताना तिथी सांगा.