मक्याच्या लाह्या (कोकण किनारपट्टी)

मक्याच्या लाह्या : रोजच्या बोलण्यात पॉपकॉर्न. लाहीच्या मक्याचा कोरडा दाणा तापवून फोडला की होणारा हलका, कुरकुरीत खाऊ. कोकणात लाही म्हटले की आधी आठवते ती साळीची, लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर लागणारी. मका हे येथले मुख्य पीक नाही, भात आणि नाचणी ही येथली पिके. त्यामुळे पॉपकॉर्नचा दाणा वाण्याकडून पाकिटातच येतो. तरी जत्रेत खाज्याच्या दुकानांशेजारी पॉपकॉर्नची काचेची गाडी आता ठरलेली असते. तेलात दाणे फोडणाऱ्या या गाडीचा पूर्वज म्हणजे शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्सचे यंत्र. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढे आले.

घरी लाह्या करणे सोपे आहे, पण किनाऱ्यावर त्या बिघडतात फार, आणि त्यामागे जवळजवळ प्रत्येक वेळी पाणीच असते. दाण्याच्या आत ते नेमके हवे, फुटलेल्या लाहीत मुळीच नको. आणि जून ते सप्टेंबर येथली हवा दोन्हीकडे ढवळाढवळ करते.

दाणा का फुटतो

कणसाचा साधा मका किंवा स्वीटकॉर्न वाळवून लाह्या होत नाहीत. लाहीच्या मक्याची जात वेगळी, शास्त्रीय नाव झीया मेज एव्हर्टा. याचे साल जाड, घट्ट आणि वाफ धरून ठेवणारे असते. आतला पिठूळ भाग काचेसारखा टणक असतो आणि त्यात साधारण १३.५ ते १४ टक्के पाणी मुरलेले असते. दाणा तापला की या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण सालामुळे तिला वाट मिळत नाही. आतले पीठ वाफेच्या दाबाखाली मऊ, लपथपीत होते. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास दाब वातावरणाच्या नऊ-दहा पटींवर जातो, साल फाटते, दाब एकदम उतरतो आणि पीठ फेसासारखे फुगून जागच्या जागी घट्ट होते. हीच लाही. चांगल्या दाण्याची लाही मूळ आकारमानाच्या चाळीसपट तरी होते.

१८० हा आकडा अंदाजाने सांगितलेला नाही. २०१५ मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी भट्टीचे तापमान दहा-दहा अंशांनी वाढवत दाणे फोडून पाहिले. १७० अंशांवर जेमतेम एकतृतीयांश दाणे फुटले, १८० ला जवळपास सगळेच. फुटतानाचा ‘फट्’ हा आवाज साल तडकण्याचा नसून कोंडलेली वाफ सुटण्याचा आहे, हेही त्यांनीच दाखवले.

तापमान गाठायला किती वेळ लागतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. दाण्याच्या टोकाला, जेथे तो कणसाला चिकटलेला असतो, तेथे साल कच्चे असते. आच मंद असेल तर वाफ तेथून हळूहळू निसटते, दाणा आतून कोरडा पडतो आणि मग कितीही तापवला तरी फुटत नाही. अशा न फुटलेल्या दाण्याला मराठीत गणंग हा नेमका शब्द आहे. गणंग जास्त निघाले की लोक दाण्याला दोष देतात. पुष्कळदा दोष आचेचा असतो.

दाणे साठवणे

पाकीट फोडल्याबरोबर दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. स्टीलच्या साध्या डब्याच्या झाकणातून पावसाळ्यात हवा सहज आत जाते. रबराची कडी असलेली काचेची बरणी उत्तम. श्रावणात पाकिटाला रबरबँड लावून फळीवर ठेवलेले दाणे महिन्याभरात ओल धरतात.

बरणीतले दाणे कसे आहेत हे वीस दाणे फोडून कळते. फुटल्याचा आवाज बसका आणि लाही लहान, घट्ट, चिवट असेल तर दाण्यात ओल जास्त आहे: साल मऊ पडून दाब पुरता चढण्याआधीच फाटते. बरेचसे दाणे नुसते काळपट होत असतील किंवा अर्धवट उकलत असतील तर ते वाळले आहेत. वाळलेल्या दाण्यांवर उपाय आहे. अर्धा किलो दाण्यांवर एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली पाणी शिंपडावे, बरणी बंद करून दिवसातून तीन-चारदा हलवावी आणि तीन दिवसांनी पुन्हा वीस दाणे फोडून पाहावेत. एका चमच्याने ओल साधारण तीन टक्क्यांनी वाढते, म्हणून अंदाजाने जास्त पाणी घालू नये.

ओलावलेले दाणे सुकवणे येथे अधिक अवघड. उन्हाळ्यात तासभर ऊन पुरते. दिवसभर ठेवले तर उलट गत होते. पावसाळ्यात पंख्याखाली पसरून काही साधत नाही, कारण हवाच ओली असते. त्यापेक्षा बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये उघड्या ताटलीत ठेवावेत आणि रोज वीस दाण्यांची परीक्षा घ्यावी. चूल पेटत असेल त्या घरात चुलीवरची फळी हे काम जुन्या काळापासून करत आली आहे. बुरशीचा वास आलेले दाणे मात्र सरळ टाकून द्यावेत.

गॅसवर, तेलात

ही सर्वांत भरवशाची रीत. चार ते पाच लिटरचे जाड बुडाचे पातेले, १०० ग्रॅम दाणे (अर्धा कप), ३० मिली तेल (दोन मोठे चमचे). एवढ्या दाण्यांच्या चांगल्या लाह्या चार लिटरच्या घरात जातात, म्हणून भांडे लहान घेऊ नये. गर्दीत वाफ अडकून लाह्या चिवट होतात. पातेल्याऐवजी प्रेशर कुकर वापरायचा तर झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवावीत आणि झाकण नुसते वर टेकवावे. बंद कुकरात लाह्या करणे धोक्याचे आहे.

तेलात खोबरेल येथे आपसूकच पुढे येते, आणि ते योग्यही आहे. घाण्याच्या खोबरेलाचा वास लाहीला लागतो, पण ते १७५ अंशांच्या आसपास धुरकटू लागते, म्हणजे काम अगदी काठावर चालते. आच जरा चढली की कडवटपणा येतो. शुद्ध केलेले, वास काढलेले खोबरेल किंवा शेंगदाण्याचे रिफाइंड तेल जास्त आच सोसते. साजूक तुपातही होतात. लोण्यात किंवा बाजारच्या बटरमध्ये दाणे फोडू नयेत: त्यातला दुधाचा अंश करपतो आणि पाण्याचा अंश दाण्यांना वाफवतो. बटर शेवटी, कढवून.

तेलात तीन दाणे टाकून झाकण ठेवावे, आच मध्यमच्या थोडी वर. तिन्ही फुटले की तेल तयार. आता गॅसवरून पातेले उतरवून सगळे दाणे घालावेत, एकदा हलवून तीस आकडे मोजावेत आणि मगच पुन्हा आचेवर चढवावे. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे फुटण्याच्या जरा अलीकडे, एकसारखे तापतात. मग फुटायला लागले की एकदमच फुटतात आणि आधी फुटलेली लाही खाली करपत राहत नाही. ही पायरी बहुतेक जण गाळतात, फरक मात्र सर्वांत जास्त हिनेच पडतो.

फुटायला सुरुवात झाली की झाकण बोटभर तिरके करावे, उघडी बाजू आपल्यापासून दूर. त्या फटीतून वाफ बाहेर पडली पाहिजे. झाकण गच्च असेल तर वाफ लाह्यांवरच बसते. पातेले दर काही सेकंदांनी हलवावे. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की गॅस बंद करून लगेच मोठ्या परातीत ओतावे. उरलेल्या चार दाण्यांच्या आशेने थांबले की खालचा थर करपतो, आणि करपल्याचा वास सगळ्या घाण्याला लागतो.

चुलीवर हीच कृती लोखंडी कढईत होते. चुडते, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, भडकतात आणि लगेच विझतात, त्यांच्यावर लाह्या करू नयेत. लाकडाचे निखारे जमवून, करवंटीचे दोन तुकडे टाकून स्थिर धग मिळवावी, आणि फुटणे मंदावताच कढई उतरवावी. चुलीला गॅससारखे बटण नसते.

तेलाशिवाय

भडभुंजे भट्टीवर तापल्या वाळूत लाह्या फोडतात. घरी वाळूऐवजी जाडे मीठ घ्यावे. लोखंडी कढईत साधारण एक किलो मीठ मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटे तापवावे, मूठभर दाणे टाकून झाऱ्याने सतत वर-खाली करावेत, फुटलेल्या लाह्या चाळणीने उचलाव्यात. मिठाचे स्फटिक तापताना तडतडून उडतात, त्यामुळे सुरुवातीला झाकण हवे. मीठ गाळून पुढच्या वेळी पुन्हा वापरता येते. किनाऱ्यावरची वाळू यासाठी नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो दाताखाली येतो.

मायक्रोवेव्हमध्ये

मायक्रोवेव्ह आणि लाह्या यांचे नाते या यंत्राच्या जन्माइतकेच जुने. रेथिऑन या अमेरिकी कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ च्या सुमारास रडारच्या, सूक्ष्मलहरी सोडणाऱ्या नळीपुढे ज्या पहिल्या गोष्टी धरून पाहिल्या त्यांत मक्याचे दाणे होते.

तयार पाकीट घेण्याची गरज नाही. अडीच-तीन लिटरच्या काचेच्या मायक्रोवेव्ह-योग्य भांड्यात ५० ग्रॅम दाणे एक लहान चमचा तेलात चोळून घ्यावेत, वर चिनी मातीची ताटली जराशी तिरकी ठेवावी, ८०० वॅटवर तीन ते चार मिनिटे. छपाई नसलेली खाकी कागदी पिशवीही चालते. तोंड दोनदा दुमडावे, पिन मारू नये. वर्तमानपत्राची पुडी वापरू नये, शाई अन्नाला लागते. यंत्रावरच्या ‘पॉपकॉर्न’ बटणापेक्षा कान जास्त खरे: अंतर दोन सेकंदांवर गेले की बंद. भांडे फार तापलेले असते आणि पिशवी उघडताना वाफेचा झोत तोंडावर येतो. तयार पाकिटाच्या एका बाजूला राखाडी पट्टा असतो, तो लहरी शोषून तापतो आणि तव्याचे काम करतो. म्हणून ती बाजू खालीच हवी.

कोकणातील गावांत मायक्रोवेव्हची खरी अडचण वेगळी आहे. व्होल्टेज कमी असले की यंत्र चालते पण पुरेसे तापवत नाही, फुटण्याला उशीर होतो, आणि वर सांगितलेली मंद आचेची गत होऊन निम्मे गणंग उरतात. दिवे मिणमिणत असतील तेव्हा गॅसच बरा. पावसात वीज गेली तर प्रश्नच मिटला, कारण घरगुती इन्व्हर्टर सहसा मायक्रोवेव्हचा भार पेलत नाही.

मीठ आणि मसाला

दाणेदार मीठ लाहीवर ठरत नाही, परातीच्या तळाशी जाते. शिरोड्यासारख्या मिठागरांचे खडे मीठ तर पावसाळ्यात पाझरतेच. समुद्रमिठातला मॅग्नेशियमचा क्षार हवेतले पाणी ओढतो. ते तव्यावर कोरडे भाजून, गार करून मिक्सरमध्ये पिठीसाखरेइतके बारीक करावे. १०० ग्रॅम दाण्यांना एक लहान चमचा सपाट, किंचित कमीच. मीठ लाह्या गरम असताना, वरून चाळणीने भुरभुरवावे. पिवळा रंग हवा असेल तर दाण्यांबरोबर तेलात चिमूटभर हळद.

मालवणी मसाला चांगला लागतो, पण तो पातेल्यात दाण्यांबरोबर घातला तर जळतो आणि घरभर ठसका उठतो. एक मोठा चमचा तूप गरम करून आचेवरून उतरवावे, पाव चमचा मसाला त्यात घालून लगेच लाह्यांवर ओतून कालवावे. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी अगदी बारीक करून हीच रीत. कढीपत्ता तुपात कुरकुरीत तळून चुरावा. मोहरीची फोडणी मात्र नको, दातांत अडकते. कोकमाचे आगळ कितीही मोहात पाडो, ते पाणी आहे, लाही तेथल्या तेथे विरते. आंबटपणाला आमचूर पूड घ्यावी.

सादळणे

फुटलेली लाही म्हणजे कोरडा स्पंज. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुलैमध्ये उघड्या परातीत ठेवलेल्या लाह्या तासाभरात मऊ पडू लागतात. गरम असताना डबा बंद केला तर त्यांचीच वाफ त्यांना सादळवते, फार वेळ उघड्या ठेवल्या तर हवा. म्हणून पसरून जेमतेम दहा मिनिटे गार कराव्यात आणि लगेच हवाबंद डब्यात भराव्यात. बटर किंवा तूप लावलेल्या लाह्या साठवू नयेत. सादळलेल्या लाह्या कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये हे जमत नाही, त्या चामट होतात.

चार वर्षांखालील मुलांना लाह्या देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. तळाशी उरलेले गणंग पुन्हा तापवण्यात अर्थ नाही. त्यांतली वाफ निघून गेलेली असते, ते फक्त जळतात. अर्धवट उकललेले दाणे काहींना लाहीपेक्षाही आवडतात, मात्र दाढ जपून. मीठ-तेल न लागलेले गणंग परसात कोंबड्या वेचून खातात.