परिरक्षण अनुदानातून पगार : खानदेशातील ग्रंथालय सेवकांच्या वेतनाची पार्श्वभूमी

जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय, अमळनेरचे साने गुरुजी ग्रंथालय अशा संस्था वर्गणी, देणग्या आणि गावातल्या वकील-शिक्षकांच्या हौसेवर उभ्या राहिल्या. पुस्तके देणारा माणूस तेव्हा संस्थेचा ‘सेवक’ होता. त्याला काय द्यायचे ते कार्यकारी मंडळ ठरवी, शिल्लक पाहून. ग्रंथपालांच्या आजच्या तुटपुंज्या, रखडत्या पगाराच्या गाऱ्हाण्याचे मूळ इथेच आहे.

मुंबई प्रांतात 1939 साली ग्रंथालयांच्या विकासाचा विचार करायला फैजी समिती नेमली गेली, पण कायदा आला तो 1967 मध्ये. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1 मे 1968 पासून लागू झाला. मद्रासने 1948 मध्ये आणि कर्नाटकने 1965 मध्ये कायद्यातच ग्रंथालय कर घातला. कर्नाटकात जिल्हा व शहर ग्रंथालये खात्यानेच चालवल्याने तिथले कर्मचारी सरकारी वेतनश्रेणीत गेले. महाराष्ट्राने कर टाळला. राज्याने दरवर्षी किमान 25 लाख रुपये ग्रंथालय निधीत द्यावेत एवढीच तरतूद केली आणि वाचनालये संस्थांच्याच हाती ठेवली. 1970 च्या नियमांनी त्यांना अ (सर्वांत वरचा), ब, क, ड असे वर्ग लावून परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्याच्या खर्चासाठी दरवर्षीची सरकारी मदत, सुरू केले. हे अनुदान संस्थेला मिळते, माणसाला नाही.

त्याचा हिशेब असा चालतो. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर, उरलेला ग्रंथ, नियतकालिके, भाडे, वीज वगैरेंवर. 2012 च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाला वर्षाला 30,000 रुपये मिळत. वेतनाचे 15,000, म्हणजे एकट्या ग्रंथपालाला महिना 1,250. 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली, अनुदान 48,000 झाले आणि महिन्याचा आकडा 2,000 वर आला. तालुका ‘अ’ वर्गाचे 3,84,000 चे 6,14,400 झाले; निम्मे 3,07,200, महिन्याला 25,600, आणि वाटेकरी चार : ग्रंथपाल, सहायक, लिपिक, शिपाई. वाढीची टक्केवारी ऐकायला भरघोस वाटते. दहा वर्षांनी आली होती, हे बातमीत नसते.

खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरते आणि त्यातली काही उचल आधीच हाती पडते. ग्रंथपालाला तेवढाही आधार नाही. अनुदान हप्त्यांनी येते, तोवर पगारपत्रकावर सह्या होत नाहीत. लेखापरीक्षण अहवाल आणि वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात उशिरा गेला, किंवा दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची नोंद) आणि खरेदीची बिले जुळली नाहीत, की हप्ता अडकतो किंवा खर्च अमान्य होतो. चूक कोशाध्यक्षाची, झळ ग्रंथपालाला. मोठ्या वाचनालयांकडे गाळ्यांचे भाडे, सभागृहाचे उत्पन्न असते. ती दोन महिने आगाऊ पगार देऊ शकतात. शिरपूर-शहाद्याकडच्या खेड्यातल्या ‘ड’ वाचनालयाकडे वर्गणीच्या डब्याशिवाय काही नसते. म्हणून तिथला ग्रंथपाल सकाळी शेतात किंवा दुकानात असतो आणि कुलूप उघडते ते संध्याकाळी.

भत्ते-सवलतींची अडचण आकड्यांतच आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 20 कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेपासून लागू होतो. उपदानाला (ग्रॅच्युइटीला) किमान 10 माणसे लागतात. एक ते चार माणसांचे वाचनालय दोन्ही उंबरठ्यांच्या बाहेर राहते, त्यामुळे तीस वर्षे नोकरी करूनही निवृत्तीला शाल-श्रीफळच. अनुदानित शाळेतल्या पूर्णवेळ ग्रंथपालाचा पगार मात्र शिक्षण खात्याच्या वेतन पथकातून, श्रेणीप्रमाणे निघतो. ग्रंथालयशास्त्राची प्रमाणपत्र परीक्षा दोघांनीही दिलेली असू शकते.

वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती ही मागणी जुनीच. 1970 च्या दशकात प्रभा राव समिती, पुढे व्यंकप्पा पत्की समिती झाली. शिफारशींच्या वाटेत दर वेळी तोच प्रश्न येतो : संस्था खासगी, मग कर्मचारी कुणाचा? वित्त विभागाला हा प्रश्न सोयीचा आहे. वर्ग ठरवणे, तपासणी करणे, खर्च मान्य-अमान्य करणे शासनाच्या हाती, मग मालक कोण हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

2012 च्या राज्यव्यापी पडताळणीत अनेक वाचनालये कागदावरचीच निघाली. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ (वरचा वर्ग मिळणे) कित्येक वर्षे थांबली. बोगस वाचनालयांना आळा बसला, पण नियमाने ‘ब’ मध्ये बसणारी वाचनालयेही ‘क’ मध्येच अडकली, आणि त्यांचे ग्रंथपालही ‘क’ च्याच पगारावर.