बूटलोडर अनलॉक आणि कस्टम रॉम : फोन आमच्याकडे सोपवण्यापूर्वी

फोन अनलॉक करून हवा असल्याचे ग्राहक सांगतात, तेव्हा नेमके कोणते कुलूप काढायचे आहे, हे आम्ही आधी विचारतो. कारण एकाच फोनला निरनिराळी चार कुलपे असू शकतात. पडद्यावरचा पिन किंवा पॅटर्न हे एक. ठरावीक कंपनीचेच सिम चालावे म्हणून मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीने घातलेले दुसरे. फोन रीसेट केल्यावर आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागणारे, अँड्रॉइड ५.१ पासून आलेले तिसरे. चौथे बूटलोडरचे. हे माहितीपत्रक फक्त या चौथ्या कुलपाविषयी आणि ते काढल्यानंतर फोनमध्ये टाकता येणाऱ्या कस्टम रॉमविषयी आहे.

फोन सुरू करताना अँड्रॉइडच्या आधी बूटलोडर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम चालतो. पुढे चालू होणार असलेल्या सिस्टीमवर फोन बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल स्वाक्षरी आहे की नाही, हे तो तपासतो, आणि स्वाक्षरी जुळली नाही तर ती सिस्टीम सुरू होऊ देत नाही. कंपनीची नसलेली सिस्टीम, म्हणजेच कस्टम रॉम, कुलूपबंद फोनमध्ये चालत नाही ती यामुळेच. बूटलोडर अनलॉक केला, की या तपासणीचा आग्रह तो सोडून देतो. त्यानंतर बहुतेक फोन दर वेळी सुरू होताना पडद्यावर इशारा दाखवतात. तो इशारा म्हणजे बिघाड नाही. फोनचा एक पहारा आता उठवलेला आहे, एवढेच तो खरेपणाने सांगत असतो.

असे असूनही हे काम करून घेण्याला चांगली कारणे आहेत, आणि आमच्या मते सर्वांत चांगले कारण म्हणजे ज्या फोनचे यंत्र अजून धडधाकट आहे, पण ज्याला कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे, तो फोन पुढेही वापरता येणे. २००९ मध्ये सुरू झालेला सायनोजेनमॉड हा प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला, तेव्हा त्याच्याच कोडमधून स्वयंसेवकांनी लिनिएजओएस उभे केले, आणि अनेक जुन्या फोनना नवे अँड्रॉइड त्यातून मिळते. केवळ पिक्सेल फोनसाठी बनणारे ग्राफीनओएस सुरक्षिततेवर भर देते. कोणत्या फोनसाठी कोणते रॉम सध्या जोपासले जात आहे, हे मॉडेलनुसार बदलते. म्हणून फोन पाहण्याआधी आम्ही होकार देत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बूटलोडर अनलॉक होताना फोनमधील तुमचा सर्व डेटा पुसला जातो. ही आमच्या पद्धतीतली उणीव नसून मुद्दाम केलेली योजना आहे. तसे नसते, तर चोरलेल्या फोनचा बूटलोडर उघडून, त्यात हवे ते सॉफ्टवेअर टाकून आतल्या माहितीवर हल्ला करण्याचा मार्ग चोराला मिळाला असता. अलीकडच्या फोनमधला डेटा सांकेतिक स्वरूपात साठवलेला असतो आणि पुसताना त्याची किल्लीच नष्ट होते. त्यामुळे पुढे कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरले तरी फोटो परत मिळत नाहीत. वेगळे मेमरी कार्ड असेल तर ते काढून स्वतःजवळ ठेवावे. पण ते फोनच्या अंतर्गत साठवणीला जोडून घेतलेले असेल, तर तेही वाचता येणार नाही असे धरून चालावे.

बॅकअप घेतला आहे असे वाटणे आणि तो दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहिलेला असणे, यांत फार अंतर आहे. फोटो आणि संपर्क बहुतेकांच्या लक्षात असतात. विसरले जाते ते व्हॉट्सॅपचे जुने संभाषण, ऑथेंटिकेटर ॲपमधले कोड, डाउनलोड फोल्डरमधली प्रमाणपत्रे, ई-सिम, आणि रेकॉर्डर ॲपमध्ये राहिलेला आपल्या गेलेल्या माणसाचा आवाज. यांतले शेवटचे पुन्हा मिळवून देणे कोणाच्याच हातात नाही, म्हणून घाईत आलेल्या ग्राहकाला आम्ही आग्रहाने एक दिवस थांबायला सांगतो.

डेटाखेरीज काही सोयीही गमवाव्या लागतात. वॉरंटीचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत आणि ते आपण स्वतः वाचावेत. नॉक्स ही सॅमसंगची सुरक्षा व्यवस्था असलेल्या फोनमध्ये परके सॉफ्टवेअर टाकले, की आतला एक फ्यूज कायमचा उडतो. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी पुन्हा चालत नाहीत. काही फोनमध्ये व्हिडिओच्या संरक्षणाची पातळी खाली येते आणि चित्रपटांची ॲप कमी दर्जाचे चित्र दाखवू लागतात. कंपनीच्या कॅमेरा ॲपमधले चित्रसंस्करण रॉममध्ये येत नाही, त्यामुळे त्याच भिंगातून येणारे फोटो फिके वाटू शकतात. बँकांची आणि पैसे देण्याघेण्याची अनेक ॲप फोनमधील सिस्टीम मूळची आहे का हे पाहणाऱ्या गूगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीवर विसंबून असतात आणि अनलॉक केलेल्या फोनवर चालायला नकार देऊ शकतात. ती आज चालली तरी उद्या चालतील, अशी हमी आम्ही देत नाही. तुमच्याकडे एकच फोन असेल आणि सगळे व्यवहार त्यावरूनच होत असतील, तर हे काम करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक फोन अनलॉक होतोच असे नाही. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी दिली, की डेव्हलपर पर्याय उघडतात; त्यांत ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय दिसतो आहे का आणि तो चालू करता येतो का, हे आपण घरीच पाहू शकता. सेवा कंपनीने विकलेल्या काही फोनमध्ये तो बंद ठेवलेला असतो. हुआवेने अनलॉक कोड देणे २०१८ मध्ये थांबवले. शाओमीच्या फोनना कंपनीची परवानगी लागते आणि ती मिळण्यापूर्वी काही दिवसांची प्रतीक्षा करावी लागू शकते. आयफोनला अशी अधिकृत सोय नाही.

प्रत्यक्ष काम संगणकाला केबल जोडून होते. फोन फास्टबूट स्थितीत, म्हणजे अँड्रॉइड सुरू न होता बूटलोडर संगणकाच्या आज्ञा घेतो त्या स्थितीत, नेऊन आज्ञा दिली, की फोनच्या पडद्यावर शेवटचा होकार मागितला जातो आणि तो फोनच्याच बटणांनी द्यावा लागतो. हे बटण आम्ही दाबत नाही. ते ग्राहकाने स्वतः आमच्यासमोर दाबायचे असते. त्यानंतर रिकव्हरी (रॉम टाकण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्रॅम) आणि रॉम टाकले जाते. एकाच नावाच्या फोनमध्ये प्रदेशानुसार वेगळी चिप असू शकते, म्हणून नाव न पाहता पूर्ण मॉडेल क्रमांक पाहिला जातो, आणि उतरवून घेतलेल्या फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे सांगणारा आकडा) रॉमच्या प्रकल्पाने दिलेल्या चेकसमशी ताडून पाहिला जातो. चार्जिंग अपुरे असेल तर आम्ही काम सुरूच करत नाही.

एवढी काळजी घेऊनही फोन ब्रिक होण्याची, म्हणजे सुरूच न होण्याची, शक्यता उरते. फास्टबूट चालत असेल तर तो बहुधा मूळ सॉफ्टवेअर टाकून सावरता येतो. बूटलोडरच बिघडला तर कधी कधी सर्किट बोर्ड बदलण्याशिवाय उपाय राहत नाही. जुनी आवृत्ती परत टाकणेही नेहमी सुरक्षित नसते : पिक्सेल ६ मालिकेला ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ मिळाले, तेव्हापासून त्यांचा बूटलोडर अँड्रॉइड १२ ला परतू देत नाही. रॉम टाकलेला असताना बूटलोडर स्वतःहून पुन्हा लॉक करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. ग्राफीनओएससारखी मोजकी रॉम वगळता तसे केल्यास फोन सुरू होणेच थांबू शकते.

फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बदलून देणे आणि मालकीचा पुरावा नसताना गूगल खात्याचे कुलूप काढणे ही कामे आम्ही कोणत्याही कारणाने करत नाही. रूट करण्याची, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवण्याची, मागणी वेगळी नोंदवावी लागते. केवळ रॉम हवे असणाऱ्याला रूटची गरज नसते.

फोन परत घेताना कॉल लावून, इंटरनेट बंद करून पुन्हा जोडून, कॅमेरा, जीपीएस आणि बोटाचा ठसा तपासून मगच तो ताब्यात घ्यावा. फोर-जीवरून होणारा कॉल मुद्दाम करून पाहावा, कारण रॉम बदलल्यावर सर्वाधिक अडचण तिथे येते. दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या रॉमच्या अपडेटमधून मिळतात, पण मोडेमसारख्या (मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या) भागांचे फर्मवेअर, म्हणजे त्या भागांतले सॉफ्टवेअर, मूळ कंपनीकडूनच येते. कंपनीने ते थांबवले असेल तर रॉम ते भरून काढू शकत नाही. पुढे हा फोन विकायचा झाल्यास तो आधी आमच्याकडे आणावा, म्हणजे शक्य असेल त्या मॉडेलमध्ये मूळ सॉफ्टवेअर टाकून बूटलोडर पुन्हा लॉक करून देता येईल.