एचएएल सुरू झाली ती एका सोलापूरकराच्या हट्टामुळे

तेजस या लढाऊ विमानाची बातमी आली की ते बनवणारी एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड) म्हणजे पहिल्यापासूनच सरकारी कंपनी असंच सगळे धरून चालतात, पण तसं नाहीये, ती काढली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. रेल्वेची कंत्राटं घेणारा माणूस, १९१९ ला सिंदिया ही जहाज कंपनी उभी करण्यात पुढे होता आणि मग डोक्यात विमान आलं. १९३९ ला प्रवासात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला, तो चीनमध्ये विमानाचा कारखाना चालवायचा, तिथून बोलणी सुरू झाली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला ७०० एकर जमीन दिली, पैसेही घातले, आणि २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट या नावाने कंपनी रजिस्टर झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं हार्लो ट्रेनर, म्हणजे पायलट शिकवायचं विमान, उडालंसुद्धा! आठ महिन्यांत, आणि तेही युद्ध चालू असताना, मला तर हे आजही थक्क करतं.

मग जपान युद्धात उतरला आणि १९४२ ला ब्रिटिश सरकारने वालचंदांचे शेअर्स विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला, पुढच्या वर्षी तो अमेरिकन हवाई दलाकडे रिपेअरिंगसाठी गेला. ज्याने पाया घातला त्याच्या हातात कंपनी जेमतेम दीड वर्ष राहिली, हे वाईट वाटतं.

युद्ध संपल्यावर काम आटलं, तेव्हा याच कारखान्यात रेल्वेचे डबे बनायचे. पण डिझाइनचं काम थांबलं नाही, आणि इथे दुसरा मराठी माणूस येतो, विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या एरोडायनॅमिक्सच्या मोठ्या शास्त्रज्ञाकडे डॉक्टरेट केलेले. त्यांचं एचटी-२ हे ट्रेनर १९५१ ला उडालं, दीडशेच्या वर बनली, आपल्या कितीतरी पायलट लोकांनी पहिले धडे त्यावरच गिरवले. नंतर जर्मन डिझाइनर कुर्ट टँक आले, त्यांचं मरुत हे लढाऊ विमान १९६१ ला उडालं, विमानाचा सांगाडा उत्तम पण हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालंच नाही, आणि इंजिनाचं हे दुखणं आपल्याला अजून सोडत नाहीये.

मिग या रशियन लढाऊ विमानांसाठी सरकारने १९६३ ला एरोनॉटिक्स इंडिया ही वेगळी कंपनी काढली होती, त्यातूनच नाशिकजवळ ओझरचा कारखाना आला. १ ऑक्टोबर १९६४ ला दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स हे नाव तेव्हापासूनचं.