भूवराह नरसिंह मंदिर, हलशी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील हलशी येथील बाराव्या शतकातील वैष्णव मंदिर. गोव्याच्या कदंब राजांनी ते उभारले असून त्यात आजही नित्य पूजा चालते.

कदंबांच्या ताम्रपटांत गावाचे नाव ‘पलाशिका’ असे येते. जुन्या कन्नडमधील आरंभीचा ‘प’ कालांतराने ‘ह’ झाला. दुधाच्या ‘पाल्’चे जसे ‘हालु’ झाले, तसेच ‘पलसिगे’चे ‘हलसिगे’ आणि मराठी तोंडी ‘हलशी’ झाले. ही बनवासीच्या आद्य कदंबांची दुसरी राजधानी होती. येथील चक्रतीर्थ या विहिरीजवळच्या टेकाडात त्यांचे सात ताम्रपट मिळाले. मृगेशवर्मा या राजाने पाचव्या शतकात आपले वडील शांतिवर्मा यांच्या स्मरणार्थ येथे जिनालय (जैन मंदिर) बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन संघांना दान दिल्याचे त्यांवरून कळते. त्यामुळे हलशीचा इतिहास या मंदिरापासून मोजणे योग्य ठरणार नाही.

येथील शिलालेख इ. स. ११६९ चा, म्हणजे गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडीदेव याच्या कारकिर्दीतील आहे. त्याच्यासोबत त्याचा धाकटा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य राज्यकारभार पाहत असे. एका भावाच्या बिरुदात शिव, दुसऱ्याच्या बिरुदात विष्णू, आणि घराण्याचे कुलदैवत सप्तकोटीश्वर, म्हणजे शिवच! अशा शिवभक्त घराण्याने विष्णूच्या दोन अवतारांसाठी एवढे मंदिर बांधावे, हे त्या काळच्या धर्मजीवनाविषयी पुष्कळ सांगून जाते. देगावचे कमलनारायण मंदिरही शिवचित्ताची राणी कमलादेवी हिनेच उभारले.

मंदिराचे खरे वैशिष्ट्य त्याच्या मांडणीत आहे. एकाच मंडपाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन गर्भगृहे असल्यामुळे मध्यभागी उभ्या राहिलेल्या भाविकाला एका देवाकडे तोंड करताना दुसऱ्याकडे पाठ करावी लागते. एका गर्भगृहातील भूवराहाची मूर्ती सुमारे पाच फूट उंच असून वराहमुखी देवाने भूदेवीला वर उचलून धरले आहे. दुसऱ्या गर्भगृहात विष्णूची मूर्ती आहे. तिच्याजवळचा लहानसा नरसिंह भाविक स्वयंभू मानतात. पायऱ्यापायऱ्यांनी आत येत वर निमुळते होणारे, कोरीव कामाचा फारसा सोस नसलेले कदंब पद्धतीचे शिखर येथे पाहायला मिळते.

गावात सुवर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर आणि गोकर्णेश्वर ही शिवमंदिरे तसेच एक जैन बसदी, म्हणजे जैन मंदिरही आहे.